मोनालिसाकडे पाठ
पॅरिसच्या लूव्रमध्ये टूरवाल्याने मोनालिसासाठी वीस मिनिटे दिली. चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच. पुढे फोन उंचावलेली ही गर्दी! हिचे गुडघे दुखू लागले, म्हणून ही कडेला सरकली आणि मागे वळली. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेने १५६३ मध्ये रंगवलेली, सुमारे १० मीटर रुंद लग्नाची पंगत. नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये व्हेनिसच्या मठातून उचलून आणलेली. तिच्याकडे सगळ्यांची पाठ.

"अहो, तो वाढपी बघा ना!"

मी घड्याळ बघितले.

नऊ दिवसांत सात शहरे म्हणजे प्रवास नव्हे, हजेरी. पैसे मात्र आम्ही तीस वर्षे साठवले होते. पुढच्या वेळी एकच शहर, असे मी म्हणतो. हिचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत.