लाल खांब नंतर, कोठार आधी : क्रीट बेटावर दिसलेला धंद्याचा हिशोब



मध्ये दोन आठवडे चॅनलवर व्हिडिओ आला नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, कुठे गायब?" तर मी गेलो होतो क्रीटला. भूमध्य समुद्रातलं ग्रीसचं सगळ्यात मोठं बेट. तिथलं मुख्य शहर हेराक्लिओन. समुद्राला लागून व्हेनिसवाल्यांनी बांधलेला किल्ला, शहराभोवती त्यांचाच जाडजूड तट, मध्यभागी सिंहांचं कारंजं, मोठं पुराणवस्तू संग्रहालय आणि शहरापासून पाचेक किलोमीटरवर क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष.

आता तुम्हाला वाटेल की सर म्हणणार, "उद्योजकानं परदेशी फिरायलाच पाहिजे, डोकं मोकळं होतं, नवीन आयडिया सुचतात." नाही म्हणणार. मला तिथे एकही नवीन आयडिया सुचली नाही. उलट एक जुनीच गोष्ट दिसली. माझा पहिला धंदा बुडवून मी जी शिकलो होतो, ती तिथे काचेच्या कपाटात मांडून ठेवली होती.

आधी खांब बघितले

क्नोसोसला सिटी बसनं जाता येतं. आत शिरलं की सगळी गर्दी एकाच दिशेला जाते, लाल खांबांकडे. वर जाड, खाली बारीक असे गडद लाल खांब, मागे बैलाचं रंगीत चित्र. इंटरनेटवर क्नोसोस शोधलं की हाच फोटो येतो. मीही काढला.

पण हे खांब प्राचीन नाहीत. मूळ खांब लाकडाचे होते, ते केव्हाच गेले. ब्रिटिश संशोधक आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली इथे मोठं खोदकाम सुरू केलं आणि पुढे जे सापडलं त्याच्यावर काँक्रीट वापरून, रंग देऊन राजवाड्याचे काही भाग पुन्हा उभे केले. कुठे पुरावा होता, कुठे अंदाज होता. यावर जाणकारांमध्ये आजही वाद आहे. भिंतीवरची काही गाजलेली चित्रंसुद्धा मोजक्या तुकड्यांवरून पूर्ण केलेली आहेत. संग्रहालयात नीट बघितलं तर मूळ तुकडा कुठला आणि नंतर रंगवलेला भाग कुठला, ते कळतं.

मी इव्हान्स यांना नावं ठेवत नाही. खांब उभे केले नसते तर माझ्यासारख्या साध्या माणसाला तिथे गुडघाभर भिंतींशिवाय फारसं काही कळलं नसतं. मांडणीला किंमत आहे. पॅकिंग, बोर्ड, फोटो, रील्स, सगळ्याला किंमत आहे.

पण तिथून थोडं पश्चिमेकडे वळा. तिथे गर्दी कमी असते. लांबट, अरुंद अशा कोठारांची रांग आहे, एकूण अठरा. त्यात माणसाएवढे उंच मातीचे रांजण. राजवाड्याचा कारभार या कोठारांवर चालायचा. आणि गंमत बघा, इव्हान्स यांच्या आधी, १८७८ मध्ये, इथे पहिली खोदाई केली ती मिनोस कालोकेरिनोस नावाच्या हेराक्लिओनच्याच एका व्यापाऱ्यानं. त्याला आधी काय सापडलं? कोठारं आणि रांजण! व्यापारी माणूस, बरोबर मालापाशी पोचला.

मग पाट्या बघितल्या

दुसऱ्या दिवशी शहरातल्या संग्रहालयात गेलो. सोन्याचे दागिने, हातात साप धरलेल्या देवीच्या मूर्ती, अंड्याच्या कवचासारखी पातळ भांडी, आणि ती गोल मातीची फायस्टोसची चकती, जिच्यावरची लिपी आजपर्यंत कुणाला वाचता आलेली नाही. लोक तिथेच थांबतात.

मी थांबलो एका साध्या कपाटापाशी. तळहातावर मावतील अशा मातीच्या पाट्या, त्यांच्यावर बारीक रेघा. ही 'लिनिअर बी' लिपी. साधारण तेहतीस-चौतीसशे वर्षांपूर्वीची. क्नोसोसला अशा तीन हजारांहून जास्त पाट्या आणि तुकडे मिळाले. पन्नास वर्षं त्या कुणाला वाचता येत नव्हत्या. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी त्या वाचल्या. हे गृहस्थ पेशानं आर्किटेक्ट. भाषा निघाली जुनी ग्रीक.

आणि मजकूर काय निघाला? कविता नाही. युद्धाचं वर्णन नाही. निघाला हिशोब!

कुठल्या गावात, कुणाच्या ताब्यात किती मेंढ्या. सगळ्या मिळून सुमारे एक लाख मेंढ्यांची नोंद आहे. किती लोकर यायला हवी. किती तेल. किती धणे. (मसालेवाल्या ताईंनो, इंग्रजीतला 'कोरिअँडर' शब्द याच पाट्यांमधल्या शब्दाच्या घराण्यातला!) रथ किती, त्यात जोडून तयार किती आणि चाकं न लावलेले किती. म्हणजे तयार माल वेगळा, अर्धवट माल वेगळा. बैलजोड्यांची तर नावंसुद्धा लिहिली आहेत, आपल्या ढवळ्या-पवळ्यासारखी. त्या पाट्यांमधून राजाचं नाव पक्कं सांगता येत नाही, पण बैलाचं सांगता येतं.

सगळ्यात मला भिडलं ते पुढचं. मेंढ्यांच्या नोंदीत काही आकड्यांआधी एक छोटं अक्षर येतं, 'ओ'. त्याचा अर्थ येणं बाकी, तूट. इतक्या मेंढ्या हव्या होत्या, इतक्या आहेत, इतक्या कमी. दुसरं एक अक्षर 'पा', म्हणजे जुनं, मागचं. एवढ्याशा मातीच्या तुकड्यावर आहे किती, येणं किती, जुनं किती, सगळं वेगवेगळं.

मी त्या 'ओ'पाशी बराच वेळ उभा होतो. का, ते सांगतो.

माझा 'ओ' मी लिहिला नव्हता

ट्रेनर व्हायच्या आधी मी पोळी-भाजी पुरवायचो. ऑफिसं, दोन-तीन मेस, काही घरगुती डबे. चव चांगली होती, ऑर्डर वाढत होत्या. मी सगळ्यात आधी काय केलं? बोर्ड केला. टेम्पोवर रंगीत नाव टाकलं. व्हिजिटिंग कार्डं छापली, तीही जाड कागदाची.

हिशोब डोक्यात होता. "मला सगळं पाठ आहे" असं मी छाती ठोकून सांगायचो. कुणाचं किती येणं, सगळं पाठ. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा व्हायची. वहीवर कुंकवानं स्वस्तिक काढायचं, 'शुभ लाभ' लिहायचं, फुलं वाहायची. पुढची पानं मात्र वर्षभर कोरी.

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या क्लायंटनं पैसे थकवले. मी मागायला गेलो तर ते म्हणाले, "किती ते लिहून द्या, लगेच देतो." मला लिहून देता येईना! कुठल्या दिवशी किती डबे गेले, मध्ये किती पैसे आले, काही कागद नाही. शेवटी त्यांनी जो आकडा म्हटला तो मी मान्य केला. ते खोटं बोलत होते की मीच चुकत होतो, हे मला आजही माहीत नाही. आणि त्याचाच जास्त त्रास होतो. त्या वर्षी बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या आणि धंदा बंद झाला. टेम्पो विकला तेव्हा घेणारा म्हणाला, "नाव मात्र झकास रंगवलंय."

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, काही ट्रेनर मित्रांना आवडणार नाही तरी सांगतो. नवीन माणसाला पहिल्या दिवशी ब्रँडिंग शिकवणं चुकीचं आहे. मागच्या लाइव्हमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, पापडाच्या ब्रँडसाठी लोगो कसा असावा?" मी विचारलं, "मागच्या महिन्यात किती किलो केले, किती विकले, किती पैसे यायचेत?" त्या गप्प झाल्या. ताई, मी तुम्हाला गप्प करायला विचारलं नव्हतं. मी स्वतः त्याच जागी उभा होतो, म्हणून विचारलं.

"पण सर, राजवाडा तर जळलाच ना?"

बरोबर. हिशोब चोख असूनही क्नोसोस जळलं. उलट जळलं म्हणूनच पाट्या राहिल्या. त्या कच्च्या मातीच्या होत्या, चालू वर्षापुरत्या. काम झालं की माती परत वापरायची. आगीत त्या भाजल्या गेल्या आणि टिकल्या. म्हणजे वही लिहिली की धंदा बुडणारच नाही, असं मी म्हणत नाही. आग लागते, मार्केट बसतं, साथ येते. पण लिहिलेलं असेल तर काय होतं आणि काय गेलं, हे तरी कळतं. पुन्हा उभं राहायला तेवढं लागतं.

शेवटच्या रात्री एका लहानशा खानावळीत जेवलो. एकटी बाई चालवते. जेवण झाल्यावर तिनं न मागता फळं आणि छोट्या बाटलीत राकी आणून ठेवली, तिकडची रीतच आहे. मी विचारलं, हे फुकट कसं परवडतं? ती हसली, गल्ल्यामागची वही उघडून दाखवली. फळं आणि राकी यांचा वेगळा रकाना होता. पाहुण्याला फुकट, पण वहीत फुकट नाही. सीझन एप्रिल ते ऑक्टोबर, हिवाळ्यात गिऱ्हाईक कमी, त्यामुळे उन्हाळ्यातल्या गल्ल्यातून किती बाजूला काढायचं तेही त्याच वहीत. बाहेरचा बोर्ड मात्र साधाच होता, एक अक्षर पुसट झालेलं.

आज रात्री एवढंच करा

ॲप नको, सॉफ्टवेअर नको. एक शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने पाडा.

१. आज आलं किती : रोख आणि फोनवरून आलेलं, दोन्ही.
२. आज गेलं किती : घरातला गॅस आणि तुमच्या स्कूटरचं पेट्रोलसुद्धा.
३. येणं किती, कुणाकडून, कधीपासून : हा तुमचा 'ओ'.
४. पडून राहिलेला जुना माल किती : हा तुमचा 'पा'.

रोज रात्री दहा मिनिटं. घरातलं कुणी शेजारी बसलं तर उत्तम, कारण आकडे दोघांना माहीत असले की थापा मारता येत नाहीत, स्वतःलासुद्धा. तीन महिने हे झालं की मग लोगोबद्दल बोलू. लोगोचा व्हिडिओ मी नक्की करणार आहे. तोपर्यंत तुम्हाला हेही कळलेलं असेल की लोगोवर खर्च करायला हातात किती आहेत.

रक्कम कमेंटमध्ये टाकू नका, ती तुमची आहे. फक्त आज तिसरा रकाना भरला की "ओ लिहिला" एवढं लिहा. ज्या ताईंना मी लाइव्हमध्ये विचारलं होतं, त्यांच्या कमेंटची मी वाट बघतोय.

भेटू पुढच्या व्हिडिओत.