लपून बसलेला संगणक

मुलांनो, आज कोड्यापासून सुरुवात करू. संगणक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पडदा, कीबोर्ड आणि शेपटीवाला माऊस! बरोबर. आता सांगा पाहू, बाजारात भाजी घ्यायला गेलात तर तिथे तुम्हाला संगणक भेटतो का? ‘नाही’ म्हणालात? मग उत्तर चुकलं, बरं का!

आमच्या खांडबाऱ्याच्या बाजारात भाजीवाल्या मावशींच्या हाती पूर्वी तराजू असायचा. एका पारड्यात माप, दुसऱ्यात वांगी. आता बऱ्याच जणींपुढे सपाट ताटलीचा काटा असतो. वांगी ठेवली की झटकन आकडे उमटतात. हे कसं होतं? काट्याच्या पोटात धातूची एक पट्टी असते. वजन पडलं की ती वाकते, पण इतकी थोडी की डोळ्यांना दिसायचं नाही. तिच्यावर अगदी बारीक तारेची नागमोडी नक्षी चिकटवलेली असते. पट्टी वाकली की तार ताणली जाते, म्हणजे थोडी लांब आणि बारीक होते. मग तिच्यातून जाणाऱ्या विजेला जास्त अडथळा होतो. हा फरक मोजायचा आणि त्याचे ग्रॅम करून दाखवायचे, हे काम एक चिप करते. ती चिप म्हणजेच चिमुकला संगणक! त्याला एकच काम येतं, पण ते तो चोख करतो.

एके काळी एक संगणक ठेवायला अख्खी खोली लागायची. १९७१ साली इंटेल कंपनीने ‘४००४’ नावाची चिप विकायला आणली. नखाहूनही लहान तुकड्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर! ती मुळात एका जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनवली होती. पुढे चिपा स्वस्त होत गेल्या आणि घड्याळात, धुलाई यंत्रात, मोटारीत, काट्यात जाऊन बसल्या.

हे असं होणार, हे आधीच ओळखणारा एक शास्त्रज्ञ होता. त्याचं नाव मार्क वायझर. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या प्रयोगशाळेत तो काम करायचा. १९९१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्याने एकविसाव्या शतकातल्या संगणकावर लेख लिहिला. संगणक सगळीकडे असतील, पण आपलं त्यांच्याकडे लक्षही जाणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. लिहिलेल्या अक्षरांचं उदाहरण त्याने दिलं होतं. तुम्हीच बघा, स्टेशनवर गाडी थांबली आणि समोर ‘खांडबारा’ अशी पाटी दिसली, की ‘आता मी वाचतो’ असं तुम्ही ठरवता का? नाही! अक्षर दिसलं की वाचून होतंच. संगणकही असाच अंगवळणी पडावा, ही त्याची कल्पना. आपण तिला ‘सर्वव्यापी संगणन’ म्हणू.

अशी हुशार वस्तू ओळखायला तीन प्रश्न विचारा. तिला काही जाणवतं का? ती हिशेब करते का? आणि ती दूरच्या दुसऱ्या यंत्राशी बोलते का? आपल्या साध्या काट्याला पहिल्या दोन प्रश्नांत गुण मिळतात, तिसऱ्यात शून्य. तो कोणाशी बोलत नाही. मतदान यंत्रही बोलत नाही, कारण ते मुद्दामच कोणत्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं.

तिन्ही प्रश्नांत पास होणारी वस्तू पाहायची असेल तर रेशन दुकानात चला. अंगठा लावायचं मशीन तुम्ही पाहिलंच असेल. त्याला ई-पॉस म्हणतात. बोट ठेवलं की मशीन बोटावरच्या रेषा टिपतं, त्यांची माहिती सांकेतिक रूपात नेटवर्कवरून दूर पाठवतं आणि विचारतं, ‘ही व्यक्ती तीच का?’ तिकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येतं. ‘हो’ आलं की पावती!

या ओळखीशी आमच्या नंदुरबार जिल्ह्याचं खास नातं आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना मिळालं.

आता जरा विचार करा. काट्याला रेंज लागत नाही, पण ई-पॉसला लागते. सातपुड्यातल्या बऱ्याच पाड्यांवर रेंजची पंचाईत असते. शिवाय जन्मभर निंदणी-कापणी करून, दगड उचलून आजी-आजोबांच्या बोटांच्या रेषा झिजतात. मग मशीनला त्या ओळखू येत नाहीत. सगळं सुरळीत असतं तेव्हा लपलेला हा संगणक अशा वेळी एकदम दारात उभा राहतो! आजी तीच, गाव तेच, दुकानदारही ओळखीचा. पण मशीन ‘नाही’ म्हणतं. अशा वेळी आजीची चूक नसते. चूक मशीनची असते.

म्हणून आजीबरोबर रेशनला जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. बोट धुऊन, कोरडं करून पुन्हा ठेवायला सांगा. आधारसाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, तेव्हा दुसरं बोट लावून बघा. तरीही जमलं नाही तर दुकानदारकाकांना नीट विचारा, “काका, दुसरा काय मार्ग आहे?” रेशनचं धान्य हा २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. केवळ अंगठा जुळला नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना कळवलं आहे.

आता या आठवड्याचा उपक्रम. घरात, दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये लपलेले पाच संगणक शोधा. प्रत्येकाला आपले तीन प्रश्न विचारा आणि वहीत तक्ता करा. चौथा रकाना मात्र विसरू नका: ‘हे बंद पडलं तर कोणाचं अडेल?’ तो भरताना घरातल्या मोठ्या माणसांना जरूर विचारा.