गावी जाताय? घराण्याचा बीपीही विचारा!

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून निघायचं, चाकण-राजगुरुनगरचं ट्रॅफिक झेलत मंचर नाहीतर नारायणगाव गाठायचं. आंबेगाव-जुन्नरकडच्या मंडळींचा हा ठरलेला वीकएंड! या वेळी आजीच्या बाजरीच्या भाकरीबरोबर एक प्रश्नही होऊन जाऊ दे: ‘‘आपल्यात किडनीचा आजार कुणाला होता का गं?’’

पॉलिसिस्टिक किडनी हा आजार वारशाने येतो. दोन्ही किडन्यांत पाण्याचे फोड वाढत जातात. आई-बाबांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो येण्याची शक्यता ५० टक्के.

‘किडनीचं पन्नाशीत बघू’ म्हणताय? थांबा. फोडांचा दाब आतल्या रक्तवाहिन्यांवर पडतो, रक्त कमी येतंय असं किडनीला वाटतं आणि ती बीपी वाढवणारं रेनिन सोडते. म्हणून तिशीच्या आसपास, क्रिएटिनिन नॉर्मल असतानाच बीपी चढतो. हृदयाची भिंत जाड होते. काहींच्या हृदयाची झडप सैल पडते. अशा सुमारे १० टक्के पेशंट्सच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येतो. इतरांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास. घरात कुणी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेलं असेल, तर धोका आणखी जास्त. त्यामुळे ‘काका अचानक गेले’ एवढ्यावर समाधान मानू नका, कशाने गेले ते विचारा.

गुड न्यूजही आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, किडनीचं काम चांगलं असलेल्या १५ ते ४९ वयाच्या पेशंट्सचा बीपी औषधांनी ११०/७५ च्या आत ठेवला. किडनीचा आकार वाढण्याचा वेग १४ टक्क्यांनी मंदावला, हृदयाची जाडीही जास्त उतरली. काहींना चक्कर मात्र आली, म्हणून टार्गेट डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तुमचं काम सोपं आहे. घरात आजार असेल तर बीपी, सोनोग्राफी, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करा. लोणचं-पापड-फरसाण कमी. पेनकिलर मनाने घ्यायची नाही. बाळाचा विचार असेल तर बीपीची गोळी आधी डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. आणि कधीही न दुखल्यासारखं डोकं अचानक दुखलं, तर थेट हॉस्पिटल!

लग्नं जमायची आहेत म्हणून गावाकडे हा विषय दबून राहतो. गावातल्या चुलत भावंडांना तुमच्याइतकं गुगल करायची सवय नसेल. त्यांना घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, बीपी तिथेही मोजतात.