हलाल अन्नाचा विचार शेतकऱ्याने का करावा

गेल्या काही वर्षांत ‘हलाल’ या शब्दावरून आपल्या देशात पुष्कळ वाद माजला आहे. उत्तर प्रदेश सरकारने १८ नोव्हेंबर २०२३ रोजी हलाल शिक्क्याच्या खाद्यपदार्थांचे उत्पादन, साठवण व विक्री यांस मनाई केली आणि परदेशी जाणारा माल तेवढा त्यातून वगळला. आपल्या राज्यात मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका पद्धतीच्या मटणासाठी ‘मल्हार’ नावाच्या प्रमाणपत्राची घोषणा केली. या दोन्ही प्रसंगी धर्माच्या बाजूने बोलणारे पुष्कळ निघाले, राजकारणाच्या बाजूने बोलणारे त्याहून अधिक निघाले. पण ज्याच्या वाड्यातून बोकड जातो आणि ज्याच्या मळ्यातून केळीचा घड जातो, त्या शेतकऱ्याचा या प्रकरणाशी संबंध कोठे येतो व कोठे येत नाही, हे सांगण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. वाद कोणीही जिंको, माल आपला आहे. तेव्हा गिऱ्हाइकाचा नियम काय आहे हे आपण नीट समजून घेतलेले बरे, असे आम्हांस वाटते.

हलाल म्हणजे धर्माने मोकळे ठेवलेले आणि हराम म्हणजे निषिद्ध. हे शब्द मराठीस परके नाहीत. इमानाने चाकरी करणारास आपण निमकहलाल म्हणतो, फुकटचे खाणारास हरामखोर म्हणतो. आणि मुंबई शहरात मैला वाहणाऱ्या कामगारांच्या खर्चासाठी जी पट्टी बसविली जाई, तिचे नावच ‘हलालखोर कर’ असे होते. कष्ट करून खातो तो हलालखोर, असा त्या शब्दाचा अर्थ. इस्लामी शास्त्रकारांचा मूळ सिद्धांत असा की, जी वस्तू स्पष्टपणे निषिद्ध सांगितलेली नाही ती मोकळी समजावी. कुराणातील निषिद्धांची यादी लहानच आहे: आपोआप मेलेले जनावर, वाहते रक्त, डुकराचे मांस आणि ईश्वराखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेला पशू. मद्याचा निषेध वेगळ्या ठिकाणी आहे. हिंस्र पशू व शिकारी पक्षी यांची भर पैगंबरांच्या वचनांच्या आधारे पडली. उपासमारीने प्राण जाण्याची वेळ आली असता जीव वाचण्यापुरते निषिद्ध खाल्ले तरी दोष नाही, अशी सवलतही कुराणातच दिलेली आहे.

आता या यादीत शेतातला माल कोठे आहे? कोठेच नाही. मेहरूणच्या बोरांचेच पाहा. जळगाव शहरात सामावलेल्या या गावाने आपले नाव बोरीच्या एका जातीस दिले आहे. ते बोर हिंदूने पिकविले काय आणि मुसलमानाने पिकविले काय, खाणारास ते मोकळे आहे; त्यावर कोणी मंत्र म्हणावयास नको की शिक्का मारावयास नको. बोरीच्याच कुळातील ‘सिद्र’ नावाच्या झाडाचा उल्लेख कुराणात आला आहे, आणि मृताच्या अंघोळीच्या पाण्यात बोरीचा पाला घालण्याची चाल मुसलमान समाजात आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे. केळी, उडीद, ज्वारी, मिरची, दूध, मध यांचीही गोष्ट बोरांसारखीच. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईस गेली. कच्च्या फळास हलाल प्रमाणपत्र लागेल म्हणून कोणी दलाल तुमच्याकडून पैसे मागू लागला, तर त्यास ते कोणत्या शास्त्राने लागते असे सरळ विचारावे.

शंका उत्पन्न होते ती शेतात नव्हे, कारखान्यात. केळीचे काप कोणत्या चरबीत तळले, मिठाईत जिलेटीन घातले ते कोणत्या जनावराच्या हाडाकातड्याचे, चीजसाठी दूध विरजताना वापरलेले रेनेट वासराच्या पोटातले की बुरशीपासून केलेले, अर्क काढताना मद्यार्क वापरला काय, हे प्रश्न खाणारास पदार्थाकडे पाहून सुटण्यासारखे नसतात. म्हणून तेथे प्रमाणपत्राची मागणी होते. तयार माल करणाऱ्या आमच्या सभासदांनी ती मागणी व्यापाराची अट समजून तपासावी, जो गिऱ्हाईक ती घालतो त्याच्या दरातून तिचा खर्च निघतो काय ते पाहावे, आणि निघत नसेल तर दुसरे गिऱ्हाईक शोधावे. यात धर्म बुडण्यासारखे अगर तरण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही.

तथापि शेतमालाच्या बाबतीत आपली सुटका झाली असे मात्र कोणी समजू नये. कुराण ‘हलाल’ या शब्दास ‘तय्यब’ म्हणजे शुद्ध, निर्मळ हा शब्द जोडून वापरते. शिवाय मूळ वस्तू मोकळी असली तरी ती ज्या मार्गाने मिळविली तो मार्ग वाईट असल्यास कमाई हराम ठरते. माप मारणारांच्या निषेधाने सुरू होणारे, त्यांच्याच नावाचे एक प्रकरण (८३ वे) कुराणात आहे. फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. तरी ते वापरणारा व्यापारी आणि दहा किलोच्या पेटीत नऊ किलो भरणारा बागाईतदार, हे दोघेही हलाल शब्दाचा अर्थ कापण्याच्या सुरीपुरताच धरून चालले आहेत.

जनावराची गोष्ट वेगळी. तेथे अटी पुष्कळ आहेत. कापणारा समजदार मुसलमान असावा (यहुदी व ख्रिस्ती यांचे अन्नही कुराणाने मोकळे केले आहे), त्याने ईश्वराचे नाव घ्यावे, सुरी तीक्ष्ण असावी, श्वासनलिका, अन्ननलिका व गळ्याच्या दोन मोठ्या शिरा एका हाताने झटपट कापाव्या आणि रक्त वाहून जाऊ द्यावे. हनफी पंथात या चारांपैकी तीन तरी कापल्या गेल्या पाहिजेत असे मानतात. जनावरासमोर सुरीस धार लावू नये, एकासमोर दुसरे कापू नये, अशीही शिकवण आहे.

या अटी खाटकाच्या झाल्या. पण त्यांच्या आधीच्या अटी बहुतेक लोकांच्या ध्यानात येत नाहीत, आणि त्या सर्वस्वी शेतकऱ्याच्या व हेड्याच्या हातातल्या आहेत. सुरी फिरण्यापूर्वी जनावर जिवंत असले पाहिजे. गळफास बसून मेलेले, मार बसून मेलेले, उंचावरून पडून मेलेले, दुसऱ्या जनावराच्या शिंगाने मेलेले, लांडग्याने फाडलेले, या सर्वांची नावे कुराणाच्या पाचव्या प्रकरणात एकापाठोपाठ एक घेतली आहेत. जीव असताना कापता आले तेवढेच मोकळे. गाडीत शेळ्या एकीवर एक कोंबल्या आणि वाटेत दोन गुदमरून मेल्या, तर त्यांच्यावर पुढे कोणी कितीही मंत्र म्हटले तरी ते मढेच. तसेच घाण खाऊन वाढलेल्या जनावरास अरबीत ‘जल्लाला’ म्हणतात. उकिरड्यावर पोसलेली कोंबडी असल्यास तिला तीन दिवस कोंडून स्वच्छ दाणा घालावा, मग ती खाण्यास योग्य होते, असे हनफी शास्त्रकारांनी सांगितले आहे. तेव्हा हलालचा आरंभ कसाईखान्यात होतो हा समज चुकीचा असून, तो आपल्या वाड्यात, दावणीपाशी आणि चाऱ्याच्या पाटीत होतो.

आपल्या गावगाड्यास हे सर्व माहीत होते. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत मुलाणी हा बलुत्या-अलुत्यांपैकी एक असे. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याची हकीकत दिली आहे. शेतात देवास बोकड पडे त्या वेळी सुरी मुलाण्याच्या हातात असे, आणि त्याने ‘नियत’ म्हटल्यावाचून मराठे लोकही सामान्यतः मांस खात नसत, असे तो सांगतो. म्हणजे देव हिंदूंचा, नवस कुणब्याचा, कापणारा मुसलमान, आणि त्याचा हक्क गावाने बांधून दिलेला. या व्यवस्थेत कोणाचा धर्म गेला असे त्या काळच्या कोणास वाटले नाही. आज ज्यास तसे मांस नको त्यास झटक्याचे घेण्याचा पूर्ण हक्क आहे; शिखांच्या आचारात मुसलमानी पद्धतीचे मांस वर्ज्यच आहे, आणि कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांचे कापण्याचे नियम आणखी निराळे. प्रत्येकाने आपल्या पानात काय पडावे हे ठरवावे. परंतु एकाने दुसऱ्याच्या पानावर नजर ठेवण्याची जी नवी चाल पडू पाहत आहे, ती बाजार आकसविणारी आहे, आणि आकसलेल्या बाजारात भाव पडतो तो उत्पादकाचा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

मुसलमानांतही एकमत नाही. खानदेशातले बहुतेक मुसलमान हनफी, तर कोकणातले शाफी पंथाचे. कोकणी मुसलमान समुद्रातले बहुतेक सर्व जीव खातो, हनफी शास्त्र मासळीखेरीज इतरांस नाही म्हणते आणि कोळंबीवरून अजून वाद घालते. कापण्यापूर्वी जनावरास विजेने क्षणभर बेशुद्ध करावे की नाही, यावरही मतभेद आहेत. न्यूझीलंडने त्यातून मार्ग काढला: जनावर पुन्हा शुद्धीवर येऊ शकेल एवढाच झटका देऊन मग मुसलमान कसाई कापतो, आणि तेथील ख्रिस्ती मेंढपाळाचे मटण मुसलमान देशांत विकले जाते. ब्राझीलचा कोंबडीवाला अरबस्तानास कोंबड्या पुरवितो. आपल्या देशातून म्हशीचे मांस मलेशिया, इजिप्त इत्यादी देशांस जाते, आणि निर्यातीच्या मांसावरील हलाल प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचेच असावे असा नियम केंद्र सरकारने केला आहे. शास्त्रात मोकळे ते कायद्यातही मोकळे असतेच असे मात्र नाही; आपल्या राज्यात गाय १९७६ च्या कायद्याने व बैल आणि वळू मार्च २०१५ पासून कापण्यास बंद आहेत, हे विक्री करताना विसरू नये.

शेळीपालकास प्रत्यक्ष उपयोगाची गोष्ट बकरी ईदची. कुर्बानीचा बोकड पुरा एक वर्षाचा असावा लागतो. आंधळा, लंगडा, फार रोड किंवा कान तुटलेला चालत नाही. म्हणजे ओळखीसाठी कान कापण्याची खूण करणारा धनी आपल्याच मालाची किंमत कमी करतो. शिवाय ही ईद चांद्र वर्षाने चालते. भारतात ती २०२३ साली २९ जूनला, २०२४ साली १७ जूनला आणि २०२५ साली ७ जूनला आली. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस मागे सरकते. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. त्यामुळे ईदेस वर्ष पुरे झालेला बोकड हवा असल्यास सुमारे दीड वर्ष आधी हिशेब मांडावा लागतो, आणि मागील वर्षाचा हिशेब पुढील वर्षी चालत नाही.

याहून महत्त्वाचे असे की, ही ईद आता मे आणि पुढे एप्रिल महिन्यात येणार, म्हणजे खानदेशच्या ऐन उन्हात. त्या दिवसांत दुपारी बंद गाडीत भरलेली शेळी बाजारापर्यंत जिवंत पोचेल याची खात्री नाही, आणि मेली तर ती कोणत्याही धर्माच्या गिऱ्हाइकास विकण्याजोगी राहत नाही. संस्थेने आतापासून दोन गोष्टी हाती घ्याव्यात. बाजाराच्या जागी सावलीचा मांडव व पाण्याचे हौद करावेत, आणि नजरेच्या अंदाजाने बोकड विकण्याऐवजी तो वजनावर विकता यावा म्हणून एक तोलकाटा बसवावा. गाड्या पहाटे भरून दिवस तापण्याच्या आत पोचविण्याची व्यवस्था सभासदांनी आपसांत करावी.