यात्रेकरूला पर्यटक म्हणू नका



परवा नातीने मोबाईलवर मध्य प्रदेश पर्यटनाची जाहिरात दाखवली. वाघ, किल्ले, धबधबे, देवळं, सगळं एकापाठोपाठ. म्हणाली, "आजी, मुक्तागिरीला पावसाळ्यातच जाऊ. धबधबा नसेल तर बघायचं काय?"

मला वाईट वाटलं. आंधळगावहून आम्ही मुलांना घेऊन मुक्तागिरीला जायचो, तेव्हा धबधब्याला पाणी आहे का, असं कुणी विचारत नव्हतं. साडेतीन कोटी मुनी जिथून मोक्षाला गेले ते हे सिद्धक्षेत्र. बावन्न मंदिरांच्या पायऱ्या अनवाणी चढायच्या, एवढंच ठाऊक होतं.

दोष नातीचा नाही. शेजारची राज्यं आपल्याला गिऱ्हाईक समजून बोलावतात. 2010 पासून अमिताभ बच्चन 'खुशबू गुजरात की'मधून बोलावत होते, ते गुजरातच्या लोकांना नव्हे, तुम्हा-आम्हाला. धंदा म्हणून यात गैर नाही, मी स्वतः कॉमर्सची पदवीधर आहे. पण जंगल सफारी आणि तीर्थ एकाच तागडीत तोलणं गैर आहे. या हिशेबात हॉटेल, टॅक्सी आणि कर जमेला धरतात. क्षेत्रावर पडणारा कचरा आणि मोडणारी शांतता मात्र कुणाच्याच नावे पडत नाही.

सम्मेद शिखरजी आठवा. वीस तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. 2019 च्या केंद्राच्या अधिसूचनेत पारसनाथ परिसरात इको-टुरिझमला वाव ठेवला होता. देशभर आपला समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा 5 जानेवारी 2023 रोजी केंद्राने तिथल्या पर्यटनाला स्थगिती दिली, आणि मद्य-मांसावरची बंदी कडक पाळा असं झारखंडला सांगितलं. भांडण एका शब्दाचं होतं, 'पर्यटन'.

आणि आता आपलंच बघा. शिखरजीसाठी मोर्चे काढणारे आपण, मुक्तागिरीच्या धबधब्यापुढे रील काढतो. धर्मशाळेत एसी आहे का, हे आधी विचारतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय आहे का, हे नंतर. सरकारने आपल्याला पर्यटक म्हटलं की चिडतो, पण वागतो तसंच.

म्हणून माझं म्हणणं दोन बाजूंना आहे. सरकारांनी तीर्थाचं चित्र दाखवायचं असेल तर त्याच जाहिरातीत तिथले नियमही सांगावेत. मद्य नाही, मांस नाही, चामड्याच्या वस्तू नाहीत, गोंगाट नाही. जे पाळता येत नसेल त्याने येऊ नये. गर्दी कमी झाली तरी चालेल.

आणि आपण? मुलं-नातवंडांना नेण्याआधी त्या क्षेत्राची कथा घरी सांगायची. मी नातीला सांगितली. आता आम्ही हिवाळ्यात निघतोय, धबधबा असो वा नसो.

बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.