दोर ओढतो, थांबवीत नाहीं

गृहस्थाश्रमांत सामानाची हलवाहलव हें एक अटळ कर्म आहे. मुलाची बदली होते, मुलगी सासरीं जाते, वडिलोपार्जित घराची वांटणी होते. आणि प्रत्येक वेळीं कपाटें, पलंग, भांडींकुंडीं एका गांवाहून दुसऱ्या गांवीं न्यावीं लागतात. खोक्यांवर नांवें घालणें, काचेचीं भांडीं चिंध्यांत गुंडाळणें, मुहूर्त पाहणें या सर्वांची चिंता आम्ही वाहतों. एक प्रश्न मात्र आमच्या मनांत सहसा येत नाहीं. तो हा कीं, हें सारें ओझें एकदां चालूं लागल्यावर थांबणार कसें?

हा प्रश्न गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस एका गाडीवानानें शिकविला. आमच्या पुतण्याची पुण्याहून पनवेलीस बदली झाली आणि त्याचें तेथील बिऱ्हाड घरीं आणावयाचें ठरलें. सामानासाठीं एक पिकअप ठरविली. पुतण्याची जुनी मोटार दोन वर्षें बंद पडून होती. तिच्या दुरुस्तीचा कारागीर आमच्या आळींतलाच. तेव्हां “पिकअप येतेच आहे, तर मोटारहि मागें दोरानें बांधून आणावी, वेगळें भाडें कशाला?” असा हिशेब आम्हींच मांडला. घरांतील वडीलधाऱ्यांनीं माना डोलावल्या. काटकसर हा ज्या घराचा कुलधर्म, तेथें दुसरें काय व्हावयाचें!

पिकअपवाला न्हावा गांवचा, वयानें चाळिशीचा, बोलण्यांत मोजका. पूर्वीं बारा वर्षें त्यानें न्हावा-शेवा बंदरांतून कंटेनरचे ट्रेलर घाटावर नेले-आणले होते. आम्हीं माळ्यावरचा जाड दोर काढून त्याच्यापुढें ठेवला. त्यानें तो हातांत घेतला, पाहिला आणि परत ठेवून म्हणाला, “काका, दोर ओढतो, थांबवीत नाहीं.”

आम्हीं वाद घातला. दोर नवा आहे, तुमची गाडी बळकट आहे, आमचा पुतण्या मोटारींत बसून ब्रेक दाबील, असें सर्व सांगून पाहिलें. तो हंसला आणि म्हणाला, “उद्यां सकाळीं माझ्याबरोबर बंदराच्या रस्त्यावर चला. डोळ्यांनीं पाहा, मग बोला.”

न्हावा आणि शेवा हीं दोन गांवें. त्यांच्या नांवानें लोक ज्यास ओळखतात तें जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें, आणि तेव्हांपासून देशाच्या आयात-निर्यातीचा मोठा भाग लोखंडी पेट्यांत बसून आमच्या पनवेलीवरून जात-येत आहे. चाळीस फुटी पेटी रिकामी असतांहि सुमारें पावणेचार टन भरते. पुष्कळ पेट्यांच्या दारावर कमाल भार ३०,४८० किलो असा रंगविलेला असतो. १ जुलै २०१६ पासून तर भरलेल्या निर्यात पेटीचें वजन प्रमाणित केल्यावांचून ती जहाजावर चढवूं नये, असा आंतरराष्ट्रीय नियमच झाला आहे. आणि आम्ही? आमच्या कपाटांचें वजन आम्हीं उभ्या जन्मांत कधीं केलें नव्हतें!

रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या एका ट्रेलरपाशीं त्यानें आम्हांस नेलें. पेटीचे चारहि कोपरे फिरत्या कुलुपांनीं पाट्यास जखडलेले होते. पुढील गाडी आणि मागील पाटा यांच्यामध्यें दोन होस पाइप लोंबत होते. एका पाइपानें मागील टाकींत दाबाची हवा सतत भरलेली राहते. दुसऱ्यानें चालकाच्या पायाची आज्ञा मागील चाकांपर्यंत पोंचते. म्हणजे ओढल्या जाणाऱ्या प्रत्येक चाकास स्वतःचा ब्रेक आहे, आणि त्याची किल्ली ओढणाऱ्याच्या पायाखालीं आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पाइप तुटला किंवा पाटा सुटला, तर हवा जातांच मागील ब्रेक आपोआप आंवळले जातात. बिघाड झाला तर गाडी थांबावी, धांवूं नये, हें तत्त्व जॉर्ज वेस्टिंगहाऊस यानें १८७२ सालीं आगगाडीच्या ब्रेकांत आणलें; तेंच आज रस्त्यावर राबत आहे.

“आतां तुमचा दोर पाहा,” तो म्हणाला. “चढावर तुटला तर मोटार मागें धांवेल. उतारावर ढिला पडला तर माझ्या पाठींत बसेल.” मोटारींत बसलेला पुतण्या ब्रेक दाबील, ही आमची शेवटची आशाहि त्यानें काढून घेतली. बहुतेक मोटारींच्या ब्रेकास चालत्या एंजिनाचें साहाय्य लागतें. एंजिन बंद असेल तर एकदोनदां दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. चक्रहि तसेंच जड होतें. कायद्यानेंहि बंद पडलेली गाडी ओढतांना वेग ताशीं सुमारें २५ किलोमीटरच्या आंत ठेवावा लागतो. ही सवलत जवळच्या दुरुस्तीच्या जागेपर्यंत पोंचण्यापुरती आहे. खंडाळ्याचा घाट उतरण्यासाठीं नव्हे.

येथें सुज्ञ वाचक विचारतील कीं, ट्रेलरची व्यवस्था इतकी चोख, तर घाटांत “ब्रेक फेल” झाल्याच्या बातम्या येतात त्या कशा? याचें उत्तर उष्णतेंत आहे. ब्रेक म्हणजे गति गिळून टाकणारें कांहीं जादूचें यंत्र नव्हे. तो गतीची उष्णता करतो, एवढेंच. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार सुमारें ५०० मीटरचा. ४० टनांचा ट्रेलर केवळ ब्रेकांच्या बळावर उतरविला, तर जी उष्णता निर्माण होईल तिच्यावर सुमारें साडेसहाशे लिटर पाण्यास आधण येईल. आमच्या तीन टनांच्या भरलेल्या पिकअपचीच उष्णता पन्नास लिटरांची, म्हणजे घरांतील दोन मोठे बंब उकळावे इतकी! ही सारी आंच चार चाकांच्या लायनरांनीं सोसावयाची. तापलेल्या लायनरची पकड सुटते. पिकअपसारख्या गाडींत तर ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ होते. वाफ दबते, आणि पायाखालचा ब्रेक तळास जातो. जुनें ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून लवकर उकळूं लागतें, हें आम्हांस त्याच दिवशीं कळलें. शिवाय वेग दुप्पट झाला कीं थांबविण्याचें काम चौपट होतें.

याची किंमत अनोळखी माणसें देतात. २६ जुलै २०२५ रोजीं द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळच्या उतारावर एक कंटेनर ट्रेलर अनावर होऊन सुमारें वीस वाहनांवर आदळला आणि एका स्त्रीचा प्राण गेला. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं पुण्याच्या नवले पुलाजवळ एका अवजड वाहनानें सुमारें ४८ वाहनांस धडक दिली. चालकानें उतारावर एंजिन बंद ठेवलें होतें, असें त्या वेळीं तपासांत पुढें आलें. डिझेलचे चार पैसे वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलवर सोडणें हीहि काटकसरच, आमच्या दोरासारखी.

ह्याच घाटांत आगगाडी १८६३ सालापासून आहे. तेथील चढ ३७ फुटांस एक फूट इतका खडा. परंतु रेल्वेनें आरंभापासून एक गोष्ट ओळखली कीं, उतरणें हें चढण्याहून अवघड. म्हणून घाट उतरणाऱ्या गाडीनें वाटेंत ठरलेल्या जागीं थांबून आपला ब्रेक सिद्ध करावा, आणि न थांबणारी गाडी चढाच्या आडमार्गावर वळून तेथेंच शमावी, अशी योजना केली. रस्त्यावर हा आडमार्ग प्रत्येक वळणास नाहीं. तेथें चालकाचा विवेक हाच आडमार्ग.

असो. दोर माळ्यावर परत गेला. मोटार पाठीवर वाहून आणणारी सपाट गाडी वेगळी ठरविली. सामान एका खेपेऐवजीं दोन खेपांत आणलें, कारण गाडीच्या कागदांत लिहिलेल्या भाराहून एक किलोहि अधिक घेण्यास तो तयार नव्हता. लोखंडी कपाट त्यानें पुढें, चालकाच्या पाठीशीं ठेवविलें. जड वस्तु मागें राहिली तर पुढचीं चाकें हलकीं होतात आणि गाडी चक्राचें ऐकत नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्ही त्याच्या शेजारीं बसून आलों. खंडाळ्यास घाट लागण्यापूर्वींच त्यानें गिअर खालीं उतरविला. एंजिन गुरगुरत होतें, गाडी आपल्याच आवरांत चालत होती, आणि ब्रेकावर त्याचा पाय मधून मधून, क्षणभरच पडत होता. मागून एक मोटार भोंगा वाजवीत पुढें गेली. इतक्यांत घरून विचारणा झाली कीं, जेवणास किती वेळ थांबावें? आम्ही “लवकर येतों” म्हणणार, तोंच आमची जीभ अडखळली. हीच ती घाई, जी आम्ही प्रत्येक गाडीवानाच्या मानेवर ठेवीत आलों आहों! आम्हीं सांगितलें, “तुम्ही जेवून घ्या.”

खोपोलीस तो चहास उतरला. चहापूर्वीं त्यानें एकेका चाकापाशीं वांकून, न शिवतां, तळहात जवळ नेला. आम्हींहि नेला. नुसती ऊब होती. हिंवाळ्यांत सकाळीं चुलीपाशीं बसावें तेवढीच.