बालकाचा हक्क, वडीलधाऱ्यांचें ऋण

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं दोन रात्री एकाच विषयावर वाद चालला. निमित्त आमच्या नातीचें. ती नुकतीच इतिहास विषय घेऊन बी. ए. झाली. पुढें काय, असें विचारतां तिनें जें उत्तर दिलें तें ऐकून आम्ही वडील मंडळी क्षणभर स्तब्धच झालों. ‘मला मुलांच्या हक्कांचा अभ्यास करायचा आहे, आजोबा. त्यांत एम्. ए. करतां येतं,’ ती म्हणाली.

आमचे धाकटे बंधु बँकेच्या नोकरींतून निवृत्त झालेले आहेत. हिशेबाबाहेरची गोष्ट त्यांस पटत नाहीं. ते म्हणाले, ‘दादा, आपल्या लहानपणीं हक्काचं नांव कुणी काढलं नाहीं, म्हणून आपण वाढलों नाहीं का? मुलांना कर्तव्यं शिकवावीं. हक्क तीं आपोआप शिकतात.’ आमच्या सौभाग्यवतींचें मत असें पडलें कीं, मुलें मांडीवर वाढवावयाचीं असतात, त्याला एम्. ए. कशाला? आम्ही गप्प होतों. पण मनांतून बंधूंच्याच बाजूस होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. ३५ वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसास लालन-ताडनाचें तें प्रसिद्ध सुभाषित मुखोद्गत असावयाचेंच. आणि त्यांतील लालनापेक्षां ताडनच आम्हीं अधिक आचरणांत आणलें.

दुसऱ्या रात्रीं मुलीनें ह्या अभ्यासाचें स्वरूप समजावून सांगितलें. उद्यां आमच्या एखाद्या वाचकाच्या घरीं हाच प्रश्न उभा राहील, म्हणून तें येथें थोडक्यांत देतों.

हा अभ्यास एका शास्त्राचा नव्हे, चार शास्त्रांचा आहे. पहिला भाग कायद्याचा. संयुक्त राष्ट्रसंघानें २० नोव्हेंबर १९८९ रोजीं बालहक्कांचा करार संमत केला. त्याचीं कलमें ५४. भारतानें तो डिसेंबर १९९२ मध्यें मान्य केला. आपल्या देशांतील बालन्यायाचा २०१५ चा कायदा, लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा आणि शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा हे सर्व त्या कराराशीं ताडून पाहावयाचे असतात. दुसरा भाग मानसशास्त्राचा. कोणत्या वयाच्या मुलाला काय समजतें, भ्यालेलें मूल कसें बोलतें आणि कसें बोलत नाहीं, हें त्यांत येतें. तिसरा भाग इतिहासाचा व समाजशास्त्राचा. फिलिप आरिएस ह्या फ्रेंच इतिहासकारानें १९६० सालीं असें प्रतिपादिलें कीं, बाल्य ही कल्पनाच काळाच्या ओघांत घडत आलेली आहे. त्यावर पुढें पुष्कळ वाद झाले. ते वाद हाहि अभ्यासाचाच विषय आहे. चौथा भाग प्रत्यक्ष कामाचा. बालकल्याण समितीपुढें आणलेलें मूल, निरीक्षणगृहांत ठेवलेला मुलगा, वीटभट्टीवर आईबापांमागें हिंडणारी पोरें ह्यांच्यांत जाऊन विद्यार्थ्यानें पाहावें, ऐकावें व शेवटीं प्रबंध लिहावा, अशी पद्धत आहे. मुलाशीं बोलण्यापूर्वीं त्याच्या पालकांची संमति तर घ्यावयाचीच, परंतु खुद्द मुलाचा होकारहि घ्यावयाचा, हा ह्या अभ्यासाचा दंडक. त्यानें ‘नको’ म्हटलें कीं वही मिटावयाची.

अशा शिक्षणाची सोय दूरच आहे असें नव्हे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ सालीं समाजकार्याची शाळा म्हणून निघाली. मुलें व कुटुंबें ह्यांच्यासंबंधींचें समाजकार्य तेथें पदव्युत्तर वर्गांत शिकविलें गेलें आहे. संकटांतील मुलानें फुकट फिरवावयाचा १०९८ हा दूरध्वनि-क्रमांक १९९६ सालीं मुंबईंत ह्याच संस्थेच्या एका उपक्रमांतून सुरू झाला. हॉलंडांतील लायडन विद्यापीठांत तर आंतरराष्ट्रीय बालहक्क ह्या एकाच विषयावर कायद्याची उच्च पदवी मिळते.

‘म्हणजे हें साहेबाचंच खूळ,’ बंधु म्हणाले. ह्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो पुष्कळांच्या मनांत असतो.

ह्या विचाराचा उगम युरोपांत झाला हें खरें. पण तो सुखांतून झाला नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर जित राष्ट्रांतील मुलें उपाशी मरत होतीं. एग्लंटाइन जेब ह्या इंग्रज बाईनें १९१९ सालीं लंडनच्या चौकांत त्या मुलांचीं चित्रें असलेलीं पत्रकें वाटलीं, म्हणून तिला पकडण्यांत आलें व पांच पौंड दंड झाला. शत्रूच्या मुलांसाठीं भीक मागणें हा तिचा अपराध! तिनेंच पुढें बालकांच्या हक्कांचा पांच कलमी जाहीरनामा लिहिला आणि १९२४ सालीं जिनीव्हा येथें राष्ट्रसंघानें तो स्वीकारला. दुसरें नांव पोलंडच्या यानुश कोर्चाक ह्या डॉक्टरांचें. वॉर्सा येथील त्यांच्या अनाथाश्रमांत मुलांचें स्वतःचें न्यायालय असे आणि मोठ्या माणसांसहि त्यापुढें उभें राहावें लागे. जुलै १९४२ मध्यें, नाझींनीं कोंडून घातलेल्या त्या वस्तींत, त्यांनीं मुलांकडून रवींद्रनाथांचें ‘डाकघर’ हें नाटक करविलें. पुढच्याच महिन्यांत सुमारें २०० मुलांसह ते ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे गेले. स्वतःस वाचविण्याची संधि आलेली असतां त्यांनीं मुलांस सोडलें नाहीं. बालहक्कांचा करार व्हावा ही सूचना १९७८ सालीं पोलंडनेंच मांडली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आणि आपल्याकडे काय होतें? १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर आयोगापुढें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. गोपाळराव गोखल्यांनीं १९११ सालीं त्यासाठीं विधेयक आणलें. पुढच्या वर्षीं तें फेटाळलें गेलें. ताराबाई मोडकांनीं कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत जाऊन अंगणवाडी उभी केली. हे सर्व आपलेच. परंतु आपलें तेवढें चांगलें सांगून थांबणें अप्रामाणिकपणाचें होईल. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि नांवाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या संगानें मेली. त्यानंतर १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारांवर गेली. एवढ्या दोन वर्षांसाठीं पुण्यांत सभा गाजल्या, धर्म बुडाला म्हणून आक्रोश झाला. त्या सभांतून आमच्यासारख्याच घरांतील शिकलेले पुरुष बसले होते. बाजूनें बोलणारे होते, विरुद्ध बोलणारे होते. ज्यांच्याविषयीं बोलणें चाललें होतें, त्या मुलींस मात्र कोणीं विचारलें नाहीं. मुलींच्या विवाहाचें वय १९२९ च्या सारडा कायद्यानें १४ झालें आणि १९७८ सालीं १८ झालें. वाट लांबची होती.

नातीनें मग आम्हांस आमच्याच क्षेत्रांत गांठलें. ऐतरेय ब्राह्मणांत शुनःशेपाचें आख्यान आहे. अजीगर्त हा भुकेनें गांजलेला ऋषि. त्यास तीन पुत्र. राजपुत्र रोहितानें स्वतःऐवजीं बळी देण्यासाठीं शंभर गाईंच्या मोलानें एक पुत्र मागितला. बापानें थोरला सोडला नाहीं, आईनें धाकटा सोडला नाहीं. मधला शुनःशेप विकला गेला. त्याला यूपास बांधावयास कोणी पुढें होईना, तेव्हां आणखी शंभर गाई घेऊन बापानेंच त्याला बांधलें. आणखी शंभर घेऊन तोच शस्त्र परजीत आला. देवतांच्या स्तवनानें मुलगा सुटला. मग बाप त्याला परत मागूं लागला. शुनःशेपानें भर यज्ञसभेंत त्याला नकार दिला आणि तो विश्वामित्राचा पुत्र झाला. हें आख्यान आम्हीं किती वेळां वाचलें असेल! त्यांतील शब्दांची व्युत्पत्ति आम्हांस सांगतां येईल. पण बाप असला तरी मूल ही त्याची मालमत्ता नव्हे, आणि मुलाचें म्हणणें सभेनें ऐकून घेतलें, ह्या दोन गोष्टींकडे आमचें लक्ष कधीं गेलें नव्हतें.

बंधूंच्या मूळ प्रश्नाचें उत्तरहि आम्हांस आपल्याच परंपरेंत सांपडलें. कर्तव्यावांचून हक्क कसा, असें ते म्हणतात. पण दोन महिन्यांच्या अर्भकाचें कर्तव्य कोणतें? त्याला दुधाचा हक्क आहे, आणि त्या हक्काच्या जोडीचें कर्तव्य त्याच्यावर नसून आपल्यावर आहे. आपण जन्मतःच ऋणें घेऊन येतों असें आपलीं शास्त्रें सांगतात. बालकाचा हक्क म्हणजे वडीलधाऱ्यांवरील ऋण, एवढाच त्याचा अर्थ. धनकोनें अद्याप बोलावयास शिकलें नाहीं म्हणून ऋण बुडत नाहीं.

त्या करारांतील बारावें कलम नातीनें वाचून दाखविलें. मुलाशीं संबंध असलेल्या बाबतींत मुलाचें मत ऐकलें जावें, आणि त्याच्या वयाच्या व समजुतीच्या मानानें त्याला वजन दिलें जावें, असा त्याचा आशय. वाचून झाल्यावर तिनें सहज विचारलें, ‘आजोबा, तुम्ही शिक्षा करण्यापूर्वीं मुलांना विचारायचां का?’

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तें आज देतों. १९८९ साल होतें. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली होती. आठवीच्या वर्गांत एक मुलगा सलग तीन दिवस शब्दरूपें पाठ न करतां आला. कां, म्हणून आम्हीं दरडावलें. तो खालीं मान घालून उभा राहिला. त्या मौनास आम्हीं उद्धटपणा समजलों आणि हातावर सहा छड्या मारल्या. चौथ्या दिवसापासून तो आला नाहीं. महिनाभर हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली आणि नंतर नांव पटावरून कमी केलें. त्याच्या घरीं काय घडलें होतें, तो पुढें कोठें गेला, हें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं. कारण आम्हीं विचारलें नाहीं. तिकडे त्याच महिन्यांत तो करार संमत होत होता. शाळेंत मारणें कायद्यानें बंद व्हावयास २०१० साल उजाडलें. परंतु विचारण्यास कायद्याची आडकाठी कधींच नव्हती.

ह्या गोष्टीचा शेवट घरांतच झाला. बंधूंचा नातू नऊ वर्षांचा आहे. येत्या जून महिन्यांत त्याला परगांवच्या वसतिगृहांत ठेवावें, असें आम्हां चौघा वडिलांत ठरलें होतें. फी ठरली, ट्रंक घ्यावयाची ठरली. नातीच्या वादानंतर तिसऱ्या दिवशीं बंधूंनींच त्याला जवळ बसविलें आणि विचारलें, ‘तुला काय वाटतं रे?’ पोर बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढीत राहिलें. मग म्हणालें, ‘तिथं रात्रीं दिवा ठेवतात का?’

चौघांपैकीं एकालाहि ह्याचें उत्तर ठाऊक नव्हतें. बंधूंनीं दुसऱ्याच दिवशीं वसतिगृहास पत्र टाकलें आहे. मुलाला पाठवावयाचें कीं नाहीं तें वडील मंडळीच ठरवितील, कारण ऐकणें म्हणजे हट्ट पुरविणें नव्हे. पण आतां तें दिव्याची गोष्ट जाणून ठरेल.

नातीच्या शिक्षणासाठीं आम्हीं आपल्या ठेवींतून रक्कम काढून दिली आहे. बंधूंनीं विरोध सोडला आहे. तिला नोकरी कोणती मिळणार, हा हिशेब मात्र त्यांनीं सोडलेला नाहीं, आणि तो रास्तच आहे. वाचकांस आमची विनंति एवढीच. ह्या महिन्यांत तुमच्या घरीं एखाद्या मुलाची शाळा, खोली, मुंज किंवा गांव बदलण्याचा विचार निघाला असेल, तर शेवटचा शब्द बोलण्यापूर्वीं त्या मुलास एकदां जवळ बसवून विचारा. आणि तें दोरा ओढीत बसलें, तर थोडें थांबा.